कालचा पाव, अर्ध्या किमतीत

डोंबिवली स्टेशनजवळच्या एका बेकरीत रात्री साडेनऊनंतर कालचा माल अर्ध्या किमतीत मिळतो. पावाची लादी, खारी, कधी नशिबाने मावा केक. ठाण्याहून काम आटपून येताना आम्ही तिथे उतरतो, पाव घेतो आणि पुढची लोकल पकडून कल्याणला खोलीवर जातो. तिघांचा पगार मिळून भाडे भागते, तेव्हा यात लाज कसली?

पण गेल्या महिन्यात वाचनवर्गाला आम्ही तोच पाव नेला आणि मावशींनी बशी बाजूला सारली. "शिळा आहे ना? मग मला नको. माझ्या सासूने भाकरीसाठी दारोदार हाळ्या घातल्यात."

आम्ही वाद घातला. मावशी, हे बलुतं नाही, पैसे मोजलेत. शिळा म्हणजे नासका नव्हे, तव्यावर गरम केला की मऊ होतो. महारकीत गावाची राबणूक करायची आणि बदल्यात दारात उभे राहून मिळेल ते पदरात घ्यायचे, नाही म्हणायची सोय नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असा नियमच आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला. त्याच वर्षी मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे आणि मेलेल्या ढोराचे मांस सोडा, असे बजावले होते. १९२८ मध्ये त्यांनी वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक आणले, आणि वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने. आम्ही मात्र गिऱ्हाईक आहोत. आवडले नाही तर पुढच्या दुकानात जाऊ.

मावशींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आणि अर्ध्या किमतीतही जो खपत नाही, तो कुठं जातो?"

याचे उत्तर आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो. शटर ओढताना मालक उरलेला पाव पिशवीत भरतो आणि झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराला हाक मारतो. "घे रे, चांगला आहे." आम्ही लादी उलटी करून बुरशी बघतो, मग पैसे देतो. त्याला पिशवी बांधूनच मिळते. आणि ती पिशवी हातात पडल्यावर दुकानासमोरचा कचरा तो आधी उचलतो, हेही आम्ही पाहिले आहे. त्याची जात आम्ही विचारली नाही. विचारायची गरज होती का?

दुसऱ्या दिवशी आम्ही मालकाला म्हणालो, पाव कधीचा आहे ते पिशवीवर लिहा. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'कधीपर्यंत खावे' ही तारीख लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहेच, मग पावाला लिहायला काय हरकत? मालक हसला. "फुकटच्या पावाला कसली तारीख?"

कामगाराचा राग मात्र आमच्यावर निघाला. "साहेब, तुमचं बोलून होतं. त्यानं उद्यापासून देणं बंद केलं तर? पोरं सकाळी चहाबरोबर तेच खातात." आमच्याकडे उत्तर नव्हते. कंत्राटदार किमान वेतन पूर्ण देतो का, असे आम्ही विचारले. त्याने पगाराची पावती कधी पाहिलीच नव्हती.

आता त्या पावतीच्या मागे लागलो आहोत. कालचा पाव आम्ही अजूनही घेतो आणि खोलीवर फोडणी देऊन खातो. वाचनवर्गाला मात्र सकाळच्या पाववाल्याकडून ताजी लादी जाते.