राजघाटाची हेराल्ड आणि तिसरा गिअर

राजघाटाच्या आसपास वाढलेल्या जुन्या मंडळींना आमची फिकट पिवळी हेराल्ड आठवत असेल. दोन दारांची, पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटणारी. ते उघडलं की गल्लीतली पोरं भोवती जमायची, कारण अशी उघडणारी दुसरी गाडी बुऱ्हाणपुरात आम्ही तरी पाहिली नव्हती. मागच्या एका पोस्टखाली दोघातिघांनी विचारलं होतं, ती गाडी अजून आहे का? आहे. चालतेही. पण तिच्या इंजिनावरून आमच्या घरात बरंच रामायण झालं. आता सगळं शांत झालंय, म्हणून लिहितोय.

आधी गाडीची ओळख. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ही गाडी आपल्याकडे बनवली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. इंजिन ९४८ सीसी, ताकद पस्तीसच्या आसपास हॉर्सपॉवर. म्हणजे पुढे आलेल्या मारुती ८०० पेक्षा इंजिन मोठं, वजन जास्त आणि ताकद जवळपास तेवढीच. आमची गाडी १९६६ ची. बाबांनी ती १९७८ साली नेपानगरच्या एका साहेबांकडून घेतली.

या गाडीला इंग्लंडमध्ये एक चुलत भावंडं आहे. याच हेराल्डची चेसिस आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. इंजिनही याच घराण्यातलं, फक्त वाढवून ११४७ सीसी केलेलं, त्यावर एकाऐवजी दोन एसयू कार्बोरेटर. ताकद एकदम ६३ हॉर्सपॉवर. आपली हेराल्ड मात्र शेवटपर्यंत ९४८ सीसीवरच राहिली. तरी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा फियाट, हेराल्ड अशा घरगुती गाड्याच ट्यून करून पळवल्या जायच्या. त्यांचे फोटो मासिकात आले की बाबा ते कापून ठेवायचे. गावात दुसरा कुणी त्यांचा हा नाद समजून घेत नसे, एक उस्ताद सोडून.

उस्तादांचं गॅरेज शनवाऱ्याच्या बाजूला होतं. ८० च्या दशकात आमचं इंदूरला आत्याकडे वरचेवर जाणं व्हायचं. घरातले पाच जण आणि सामान भरलं की असीरगडच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडत रडत चढायची. मागून येणारे ट्रक हॉर्न मारायचे. बाबांना ते फार लागायचं. ते उस्तादांना म्हणाले, "हेड घासून टाका, कॉम्प्रेशन वाढवा." हेड घासलं की वरची जागा कमी होते, पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि स्फोट जोरात होतो. पिकअप वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

उस्तादांनी नाही म्हटलं. त्या काळी पंपावरच्या पेट्रोलात रॉकेलची भेसळ सर्रास चालायची. असं पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेट घेतं, इंजिनात टकटक सुरू होते आणि पिस्टन जातो. त्यात आपला मे महिना! ते बाबांना म्हणाले, "भाऊ, कुंडी भंडारा पाहिलाय ना? एवढ्या लांबून पाणी आपसूक येतं, कारण आतली वाट मोकळी आहे. तोंड कितीही मोठं करा, पुढे वाट अडली तर पाणी थांबणारच. इंजिनाच्या हवेचंही तसंच."

मग त्यांनी हेड खोललं. मॅनिफोल्ड आणि हेडची भोकं जिथे एकमेकांना मिळतात तिथे गॅसकेटची कड आत आली होती, ती काढली. व्हॉल्व्ह बसवून घासले. टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग लावलं. नवीन पार्ट जवळजवळ काहीच नाही. पण त्या दिवाळीला घाटातल्या बऱ्याच चढाला तिसरा गिअर चालला. बाबांनी ट्रकला ओव्हरटेक केलं तेव्हा आई ओरडली होती, हे मला पक्कं आठवतं.

पुढे उस्ताद गेले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ते चांगलंच झालं, पण जुन्या इंजिनात शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये पातळ थरासारखं काम करायचं. ते गेलं की जुन्या बिडाच्या हेडमधल्या सीटा हळूहळू झिजत आत बसतात. आमच्या गाडीचं तेच झालं. घरात नवी गाडी आली, हेराल्ड पडवीत उभी राहिली. बाबा आठवड्यातून एकदा सुरू करायचे, तेवढंच.

आता पुतण्या. पुण्यात इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी गणपतीला आला तो लॅपटॉप घेऊनच. ट्रायम्फचे बहुतेक पार्ट इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. त्याने सगळी यादीच केली होती : दोन एसयू कार्बोरेटर, जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट, हेड घासणं, चार पाइपांचा एक्झॉस्ट. म्हणाला, "काका, याच घराण्याचं इंजिन ६३ देतं. आपण पन्नास तरी काढू." कार्बोरेटरचा जोड तर त्याने बोनसच्या पैशातून मागवलाही होता.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम आणला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात सांभाळलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधीचा नंबर कायम राहतो. रोज फिरवता येत नाही, पण रॅली आणि प्रदर्शनाला नेता येते. मला बाबांच्या नंबरची पाटी जपायची होती. इंजिन बदललं की ते गेलं.

दोन दिवस आमचं वाजलं. पुतण्या म्हणाला, "उभी ठेवायचीये तर फोटोच लावा ना भिंतीवर." शेवटी बाबांना विचारलं. वाटलं होतं ते माझ्या बाजूने बोलतील. एक्याऐंशीचे आहेत. ते म्हणाले, "मला प्रदर्शन नको आणि पन्नास हॉर्सपॉवरही नको. असीरगडचा घाट एकदा तिसऱ्यात चढायचाय. त्याला काय लागतं ते बघा."

गाडी उस्तादांच्या मुलाकडे नेली. त्याने यादी वाचली, बाजूला ठेवली आणि चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावलं. ११५, ११०, ६५, १०५. तिसरा सिलिंडर जवळजवळ मेलेला. मग गेजकडे बोट दाखवून पुतण्याला म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन कार्बोरेटर लावा नाहीतर चार."

दुसरी गोष्ट त्याने लिफ्टवर दाखवली. हेराल्डची मागची चाकं स्विंग ॲक्सलवर असतात. वेगात वळणावर ॲक्सिलेटर एकदम सोडला तर चाक आत दुमडायला बघतं. पुढे-मागे ड्रम ब्रेक. स्पिटफायरला इंग्लंडमध्ये पुढे डिस्क ब्रेक दिले होते ते उगाच नाही. पुतण्याने खाली वाकून बराच वेळ पाहिलं. इंजिनिअर आहे, त्याला समजलं. तोच म्हणाला, "ब्रेक आधी."

तर काम असं झालं. ब्रेकचे सिलिंडर आणि लायनर नवे. हेडमध्ये शिसंविरहित पेट्रोलला टिकतील अशा कडक सीटा बसवल्या. नवे व्हॉल्व्ह, रिंगा, रेडिएटरची नवी जाळी. आताच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप फुगतात, म्हणून ते सगळे बदलले. इथेनॉल जाळायला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. नवी गाडी सेन्सरवरून ते सांभाळते, पण जुन्या कार्बोरेटरला काही कळत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, ताकद पडते. म्हणून मुख्य जेट एक नंबर मोठा टाकला. तो शोधून आणला पुतण्यानेच. टायमिंग दोन संध्याकाळी रस्त्यावर चालवून लावलं. गेज पुन्हा लावलं तेव्हा चारही सिलिंडर १३० ते १३५ मध्ये. वाढीव असं काही केलं नाही, जे झिजून गेलं होतं तेच परत आणलं.

डिसेंबरात एका सकाळी निघालो. पुतण्या चालवत होता, बाबा शेजारी, आम्ही दोघं मागे. चढ लागला तसा पुतण्याचा हात सवयीने गिअरकडे गेला. बाबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. ओढतेय ती." इंजिनाचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. तिसऱ्यातच वर आलो. गडाच्या पायथ्याशी थांबून चहा घेतला. पुतण्या बॉनेट उलटून पाण्याचं तापमान बघत होता, बाबा चाकावर टेकून त्याला शोलावरमच्या गोष्टी सांगत होते. त्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतोय. पुतण्या पहिल्यांदा ऐकत होता.

कार्बोरेटरचा खोका आमच्या माळ्यावर आहे, न उघडलेला. पुतण्याची नाराजी पूर्ण गेली असं नाही म्हणणार. बाबांनी त्याला सांगितलंय, "माझ्यानंतर गाडी तुझी. तेव्हा पाटी ठेवायची की खोका उघडायचा, तू ठरव. फक्त गेज आधी लाव." व्हिंटेज नोंदणीची कागदपत्रं मी सध्या जमवतोय.

एक विनंती. ८० च्या दशकातला राजघाटावरचा या गाडीचा फोटो आमच्याकडे एकही उरलेला नाही. कुणाच्या अल्बममध्ये लग्नाच्या, सहलीच्या फोटोत मागे पिवळी हेराल्ड दिसत असेल तर नक्की टाका. बाबांना दाखवायचाय.