फाइल उघडून ठरवायचे दिवस

आम्ही सत्तर-ऐंशीच्या दशकांत न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये येऊन राहिलो, तेव्हा इथल्या ज्या गोष्टींचं नवल वाटलं त्यांत सरकारी वकील निवडून येतो ही एक होती. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. त्याला खटला मागे घ्यायचा तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचे ते मंत्रालयातून शासन निर्णय निघाल्यावर. इथे मात्र डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा 'डीए', मतं मागतो, निवडून येतो आणि कोणावर खटला भरायचा, कोणाला सोडायचं हे त्याचं कार्यालय ठरवतं. मिसिसिपी राज्याने १८३२ साली ही पद्धत सुरू केली. आज मोजकी राज्यं सोडली तर अमेरिकेत सगळीकडे हीच आहे. नदीपलीकडच्या न्यू जर्सीत काउंटीचा प्रॉसिक्युटर गव्हर्नर नेमतो, त्यामुळे एडिसनला राहायला गेलेल्या आमच्या मित्रांना हे मत देताच येत नाही.

डीएची निवडणूक यायची तीही अध्यक्ष नाही, महापौर नाही अशा आडवर्षी. शाळेच्या जिममध्ये अवजड लोखंडी यंत्रं मांडलेली असत. मोठा दांडा ओढला की मागचा पडदा सरकून बंद व्हायचा; नावांजवळच्या छोट्या खिट्ट्या खाली पाडायच्या; दांडा उलटा ओढला की खडाड् आवाज होऊन मत नोंदलं जायचं आणि पडदा उघडायचा. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर पहिल्यांदा तो दांडा ओढताना हात थरथरला होता, असं आमच्यातले कितीतरी जण अजून सांगतात. पण डीएच्या रांगेत निवडायला फारसं काही नसे. रिचर्ड ब्राउन १९९१ मध्ये आले आणि २०१९ मध्ये वारले तेव्हाही तेच डीए होते. अनेकदा त्यांच्यासमोर तुल्यबळ असं कुणी उभंच नसे. कोणत्या गुन्ह्याबद्दल त्यांचं काय धोरण आहे हे आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्यांना ते सांगायची गरज पडली नाही.

आता ती यंत्रं गेली. कागदावरचे गोल काळे करायचे आणि कागद स्कॅनरला द्यायचा. आणि डीए बोलायला लागले. ब्राउन यांच्या जागेसाठी २०१९ च्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली, तेव्हा टिफनी कबान ही तरुण पब्लिक डिफेंडर, म्हणजे गरीब आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणारी वकील, उभी राहिली. तिकीट न काढता सबवेत शिरणं, गांजा बाळगणं, देहविक्रय अशा गुन्ह्यांवर आपण खटलेच भरणार नाही, असं तिने आधीच जाहीर केलं. मोजणीच्या रात्री ती पुढे होती. टपालाची मतं आली, फेरमोजणी झाली, आणि नव्वद हजारांच्या आसपास झालेल्या मतदानात मेलिंडा कॅट्झ सुमारे साठ मतांनी जिंकल्या. ज्या जागेकडे आम्ही इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद झाले. ते वाद व्हायला हवेच होते.

पूर्वी खटला सोडून देण्याचा निर्णय व्हायचा तो कोर्टाच्या व्हरांड्यात. ज्युरी ड्यूटीच्या निमित्ताने आमच्यातल्या अनेकांनी क्यू गार्डन्सची क्रिमिनल कोर्टाची इमारत आतून पाहिली. नव्वदीच्या दशकात आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाला सबवेच्या टर्नस्टाइलवरून उडी मारली म्हणून पकडलं होतं. त्याच्या आईबरोबर आम्ही दोघं-तिघं जाऊन बसलो होतो. नावं पुकारली जात होती. डीएच्या बाजूला एक तरुण असिस्टंट उभी, तिच्याजवळ ढकलगाडीभर फाइली. तिने मुलाची फाइल उघडली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मान वर करून मुलाकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या त्याच्या आईकडे. बचावाच्या वकिलाशी हलक्या आवाजात चार वाक्यं झाली. मग ती न्यायाधीशांना म्हणाली, "एसीडी". सहा महिने दुसरी भानगड झाली नाही तर खटला आपोआप निकालात निघतो आणि नोंद सीलबंद होते, असा त्याचा अर्थ. गुन्हा शाबीत झाला असता तर मुलाचं ग्रीन कार्ड धोक्यात आलं असतं. फाइलच्या पुठ्ठ्यावर तिने पेनाने काहीतरी खरडलं आणि पुढची फाइल घेतली.

त्या बाईने कायद्याला नावं ठेवली नाहीत. सबवेचं तिकीट सगळ्यांनी काढावं हा कायदा बरोबरच आहे, पण या मुलावर, या वेळी, तो पुरता चालवायचा नाही, एवढंच तिने ठरवलं. ठरवण्याआधी ती त्याच्याकडे पाहत होती, ते मला आजही हवंहवंसं वाटतं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत हे नशिबावर होतं. आमचा मुलगा नीटनेटक्या कपड्यांतला, इंग्रजी बोलणारा, पाठीशी माणसं असलेला. त्याच्या मागच्या बाकावर बसलेल्या काळ्या मुलाचं काय झालं, हे बघायला आम्ही थांबलो नव्हतो. बोस्टनच्या सफोक काउंटीतल्या २००४ ते २०१८ या काळातल्या किरकोळ, हिंसा नसलेल्या गुन्ह्यांच्या नोंदी तीन संशोधकांनी तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. फाइल कोणत्या असिस्टंटकडे जाते हा जवळजवळ योगायोग होता, आणि त्या योगायोगाने काहींवर खटला चालला, काही सुटले. सोडायचं की धरायचं अशा काठावरच्या प्रकरणांत जे सुटले, त्यांच्यावर पुढे नव्या तक्रारी खूपच कमी आल्या. म्हणजे व्हरांड्यातली ती दया उपयोगीही होती आणि तितकीच लहरीही होती.

शिवाय त्या गुपचूपपणात नुसती दया नसायची. दक्षिणेत कित्येक दशकं काळ्या माणसांना झुंडी मारत होत्या आणि निवडून आलेले सरकारी वकील खटलेच भरत नव्हते. त्यांनी कधी पत्रक काढलं नाही, ते नुसते गप्प राहिले. आपल्या माणसांनीही हे थोडं चाखलं आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटी-होबोकेनच्या पट्ट्यात 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या पोरांची दहशत होती. कुंकू लावून बाहेर पडायला बायका घाबरत. होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाणीत जीव गमवावा लागला, आणि खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. शाबीत झाली ती मारहाणीची कलमं. वंशद्वेषाचा मुद्दा खटल्यात का नाही, असं आपली माणसं मोर्चे काढून विचारत होती. कोणतं कलम लावायचं, कोणतं नाही, हे बंद दाराआड ठरलं होतं.

आता दार उघडं आहे. ब्रुकलिनचे डीए केन थॉम्पसन यांनी २०१४ मध्ये सांगून टाकलं की थोडासा गांजा बाळगल्याचे बहुतेक खटले आपण चालवणार नाही. तीनच वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, गांजा बाळगल्याबद्दल या शहरात पन्नास हजारांवर अटका झाल्या होत्या, आणि पकडलेल्यांत काळे आणि लॅटिनो बहुसंख्य होते. न्यूयॉर्क राज्याने कायदाच बदलला तो २०२१ मध्ये. बोस्टनच्या रेचल रॉलिन्स यांनी २०१८ च्या प्रचारात, ज्यांवर सहसा खटला भरणार नाही अशा पंधरा गुन्ह्यांची यादी छापली. फिलाडेल्फियाच्या लॅरी क्रॅस्नर यांनी आपल्या वकिलांना फर्मावलं की शिक्षा मागताना या माणसाला तुरुंगात ठेवायला वर्षाला किती खर्च येईल तोही न्यायाधीशांपुढे सांगा. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. आमच्या काळात असं कुणी बोलून दाखवलं असतं तर कितीतरी माणसांची आयुष्यं वाचली असती.

तरीही यादी वाचताना मनात काहीतरी अडतं. यादीत दुकानातली चोरी असते, चोर नसतो. घरी दूध नाही म्हणून डबा उचलणारी बाई आणि टोळी करून रोज तेच दुकान लुटणारे एकाच ओळीत येतात. रॉलिन्स यांनी वरिष्ठांच्या परवानगीने अपवादाची सोय ठेवली होती हे मान्य. पण पूर्वी पाहणं हा नियम होता, आता तो अपवाद झाला.

फाइल पाहून ठरवायचं की आधीच, या प्रश्नावर न्यूयॉर्कमध्ये एकदा दोन डीए शेजारीशेजारी उभे होते, मध्ये फक्त हार्लेम नदी. राज्याने १९९५ मध्ये फाशीची शिक्षा परत आणली. ब्रॉन्क्सचे डीए रॉबर्ट जॉन्सन यांनी सांगितलं की फाशी मागण्याचा आपला इरादा नाही. मॅनहॅटनचे रॉबर्ट मॉर्गनथॉ यांचाही फाशीला विरोध होता आणि तो त्यांनी जाहीरपणे मांडला होता. पण कायदा झाल्यावर ते प्रत्येक प्रकरण तपासत राहिले. पुढे १९९६ मध्ये ब्रॉन्क्समध्ये एका पोलिसाचा खून झाला तेव्हा गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी तो खटला जॉन्सन यांच्याकडून काढून राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे दिला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते योग्य ठरवलं. मॉर्गनथॉ यांच्या फाइलींना कुणी हात लावला नाही. त्यांनी एकदाही फाशी मागितली नाही.

हे फक्त धूर्तपणाचं उदाहरण आहे असं तेव्हा आमच्यातले काही जण म्हणत. मला तसं वाटत नाही. जॉन्सन प्रामाणिक होते, आणि प्रामाणिकपणाची किंमत त्यांनी मोजली. पण फाइल न उघडता उत्तर देणं आणि फाइल उघडून तेच उत्तर देणं यांत फरक आहे, कारण दुसऱ्यात उत्तर बदलण्याची शक्यता शिल्लक असते, आणि समोरच्या बाजूलाही, खून झालेल्या पोलिसाच्या घरच्यांनाही, आपलं म्हणणं कुणीतरी वाचलं हे कळतं.

पटाकींनी निदान एक खटला काढून घेतला होता, माणूस काढला नव्हता. आता माणूसच काढतात. फ्लोरिडात टॅम्पाचे निवडून आलेले स्टेट अॅटर्नी अँड्र्यू वॉरन यांनी २०२२ मध्ये, गर्भपाताच्या प्रकरणांत खटले भरणार नाही अशा निवेदनावर देशभरच्या सरकारी वकिलांबरोबर सही केली. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी त्यांना निलंबित केलं. संघराज्याच्या न्यायाधीशांनी निलंबन चुकीचं ठरवलं, पण त्यांना परत खुर्चीवर बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही असंही सांगितलं. पुढच्या वर्षी ऑरलँडोच्या सरकारी वकील मोनिक वॉरेल यांच्यावर तीच पाळी आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघेही पुन्हा मतदारांसमोर गेले. वॉरेल निवडून आल्या, वॉरन हरले. टेक्सास आणि जॉर्जियाने तर २०२३ मध्ये अशा सरकारी वकिलांना हटवता यावं म्हणून कायदेच केले.

आमच्यातले जे लोक वॉरन यांच्या सहीवर टाळ्या वाजवत होते, त्यांना मी इलिनॉयची आठवण देतो. तिथे जानेवारी २०२३ मध्ये हल्ल्याच्या बंदुकांवर बंदी आली आणि डझनावारी निवडून आलेल्या शेरीफांनी आम्ही हा कायदा राबवणार नाही असं जाहीर केलं. तेही म्हणाले की आम्हाला लोकांनी निवडून दिलं आहे. न आवडणारा कायदा गुंडाळून ठेवायचा हक्क एकाला दिला की तो दुसऱ्यालाही द्यावा लागतो.

माझं मत असं. प्रत्येक गुन्ह्यावर खटला भरण्याइतके वकील आणि न्यायाधीश कुठल्याच काउंटीत नाहीत, तेव्हा निवड करणं डीएला चुकत नाही. कशाला आधी हात घालणार, कशाला नंतर, हे त्याने मतदारांना उघड सांगावं. आमच्या काळात ते सांगितलं जात नव्हतं, हा त्या काळाचा दोष होता. पण 'हा कायदा मला मान्य नाही, म्हणून माझ्या काउंटीत तो नाही' असं म्हणणं म्हणजे विधिमंडळाचं काम आपल्याकडे घेणं. आणि असं म्हटलं म्हणून गव्हर्नरने त्याला घरी पाठवणं हे त्याहून वाईट, कारण तिथे मतदारांचंच काम काढून घेतलं जातं. डीए चुकला असेल तर त्याला घरी पाठवायचा हक्क फ्लोरिडाच्या मतदारांनी दोन्ही बाजूंनी वापरून दाखवला आहे.

क्यू गार्डन्सच्या त्या व्हरांड्यातला गुपचूप कारभार परत यावा असं मी म्हणत नाही. ती असिस्टंट फाइल उघडून मान वर करत होती, तेवढं मात्र जायला नको होतं.

म्हणून इथल्या आपल्या माणसांना, आणि विशेषतः इथेच वाढलेल्या मुलांना, विनंती आहे. तुमच्या काउंटीचा डीए कोण आहे आणि त्याची पुढची निवडणूक कधी आहे हे शोधून ठेवा, आणि आडवर्ष आहे म्हणून घरी बसू नका. उमेदवार आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मतं मागायला आला तर फोटो काढून त्याला सोडू नका. कोणते खटले चालवणार नाही ते विचारा. आणि मग हेही विचारा की तुमच्या यादीत न बसणारी फाइल समोर आली, तर तुमच्या सगळ्यात कनिष्ठ वकिलाला ती उघडून स्वतः ठरवायची मुभा असेल का?