108 गुण मिळवूनही हार

एक साधी बेरीज करून बघा. रिओ ऑलिंपिक, 16 ऑगस्ट 2016ची रात्र, महिला व्हॉलीबॉलचा उपांत्यपूर्व सामना, ब्राझील विरुद्ध चीन. पाच सेटचे गुण ब्राझीलच्या बाजूने लिहिते: 25-15, 23-25, 22-25, 25-22, 13-15. ब्राझीलचे एकूण झाले 108 आणि चीनचे 102. म्हणजे सहा गुण जास्त मिळवून ब्राझीलच्या मुली घरच्या प्रेक्षकांसमोर हरल्या.

हा संघ साधासुधा नव्हता. 2008 आणि 2012 अशी सलग दोन सुवर्णपदकं त्यांच्याकडे होती, आणि रिओत गटातले पाचही सामने त्यांनी एकही सेट न गमावता जिंकले होते. चीन मात्र गटात पाचपैकी तीन सामने हरून कसाबसा पुढे आलेला. अशी हार झाली की लोक एक शब्द काढतात: कच खाल्ली. तो उच्चारला की पुढे काही बघायची गरजच उरत नाही. मला या शब्दाचा राग आहे, आणि त्याला कारण आहे माझी भाची.

गेल्या वर्षी ताई, भावजी आणि भाची दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे काशीला आले. आमचं घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत. या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाची शाळेच्या संघात खेळते. एरवी आमच्याकडे आली की पहिल्या तासात गच्चीत बॉल आपटायचा आवाज सुरू होतो आणि खालचे पंडितजी वर बघून हात जोडतात. या वेळी ती बॉल घेऊनच आली नव्हती.

ताईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. ज्या संघाला त्या आधी दोनदा सहज हरवून बसल्या होत्या, त्याच संघाकडून पाच सेटमध्ये हरल्या. शेवटच्या सेटमध्ये 13-14 असताना सर्व्हिस हिची होती. ती जाळ्यात गेली आणि सामना संपला. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी त्या एका सर्व्हिसचा व्हिडिओ टाकला, त्याखाली हसणारे चेहरे. आठवडाभर हिने जेवताना तोंड उघडलं नाही. "मी आता खेळणार नाही," एवढंच म्हणाली.

समजूत काढायला मी गेले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला "अगं, होतं असं" म्हटलं की तिला एवढंच कळतं की मोठ्यांना काहीच कळलेलं नाही. मी तिला नदीकाठी फिरायला नेलं.

ब्रह्माघाटावरून दक्षिणेकडे चालत गेलं की पंचगंगा, रामघाट, भोसले घाट, मग शिंदे घाट आणि त्याला लागूनच मणिकर्णिका. 18व्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेला हा घाट. तिथे चिता रात्रंदिवस जळत असतात, लाकडांचे ढीग रचलेले असतात आणि मोठ्या तराजूत लाकूड तोलून दिलं जातं. आम्ही घरची माणसं तिथे रेंगाळत नाही आणि मोबाईल तर बाहेर काढतच नाही. कुणाच्या तरी घरचं दुःख असतं ते. शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर जरा अंतर राखून बसलो.

तिथून समोरच दिसतं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ, एका बाजूला चांगलंच कललेलं. पावसाळ्यात नदी चढली की त्याचा गाभारा पाण्याखाली जातो. भाचीने विचारलं, हे असं का? शेजारी एक नावाडी बसला होता, त्याला तेवढंच हवं होतं. त्याने एक नाही, दोन गोष्टी सांगितल्या. एकीत अहिल्याबाईंची रत्ना नावाची दासी हे देऊळ बांधते, त्याला स्वतःचं नाव देते आणि शाप लागतो. दुसरीत एक मुलगा आईसाठी देऊळ बांधतो, "आई, तुझं ऋण फेडलं" असं म्हणतो आणि त्याच क्षणी देऊळ कलतं.

"आणि खाली पायाला काय आहे?" भाचीने विचारलं.

तो हसला. "नीचे तो मिट्टी ही है, बिटिया."

आम्ही ज्या पायऱ्यांवर बसलो होतो, तो शिंद्यांचा घाटही 19व्या शतकात बांधल्यानंतर स्वतःच्याच वजनाने नदीत खचला होता आणि पुन्हा बांधावा लागला, हे मी तिला सांगितलं. त्याला मात्र कुणाचा शाप चिकटवलेला मी तरी ऐकला नाही. बहुधा तो सरळ उभा राहिला म्हणून. ती काही बोलली नाही, पण परत येताना विचारलं, "मावशी, बाबांनी सगळी मॅच शूट केली आहे. बघूया?"

आता जरा हिशेबाची गोष्ट, कारण तुमच्या घरातही कुणी खेळत असेल तर ही उपयोगी पडेल.

व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस करणारा संघ खरं तर पिछाडीवरून सुरुवात करतो. समोरच्याला पहिला हल्ला करायला मिळतो: रिसीव्ह, सेट, स्मॅश. पुरुषांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्व्हिस घेणारा संघ साधारण तीनपैकी दोन गुण जिंकतो. महिलांमध्ये हे प्रमाण थोडं कमी, पण झुकतं माप घेणाऱ्याचंच. समोरच्याच्या सर्व्हिसवर गुण जिंकून सर्व्हिस आपल्याकडे आणणं याला साईड आऊट म्हणतात. आणि गंमत अशी की एका सेटमध्ये दोन्ही संघांचे साईड आऊट जवळजवळ सारखेच असतात, फरक पडलाच तर एकाचा. विश्वास बसत नसेल तर विचार करा: सर्व्हिस इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. ती तिकडे गेल्याशिवाय पुन्हा इकडे यायचीच नाही.

म्हणजे सेटमधला फरक येतो कुठून? जवळजवळ सगळा आपल्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांतून. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, त्यामुळे धावफलकावर फक्त हेच गुण दिसायचे. 1990च्या दशकाच्या अखेरीस नियम बदलला, प्रत्येक रॅलीला गुण आला आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट गर्दीत हरवली. घरात कुणी जुने खेळाडू असतील तर त्यांना विचारा, ते लगेच मान डोलावतील.

तर मी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या कोऱ्या जागांत आम्ही रेघा मारत बसलो. आपल्या सर्व्हिसवर जिंकलो की वरती रेघ, हरलो की खालती. समोरच्यांच्या सर्व्हिसवर तसंच वेगळ्या रकान्यात. शिवाय प्रत्येक रेघेपाशी सर्व्हिस कुणाची आणि रिसीव्ह कुणाचा ते एका अक्षरात. पाच सेटना दोन संध्याकाळी लागल्या. भावजींचा हात मध्येच थरथरायचा आणि पडद्यावर छत दिसायचं, तेवढे गुण आवाजावरून ओळखले.

पहिली गोष्ट निघाली त्या शेवटच्या सर्व्हिसबद्दल. या सामन्यात सर्व्हिस आत पडल्यावर घेणारा संघ दहापैकी सहा वेळा जिंकत होता. म्हणजे 13-14 असताना हिची सर्व्हिस अगदी छान आत पडली असती, तरी दहातल्या सहा वेळा सामना तिथेच संपला असता. जाळ्यात गेलेल्या सर्व्हिसने पूर्ण सामना घालवला नाही. उरलेली दहातली चारची आशा घालवली. ती कमी नाही. पण "हिने मॅच घालवली" यापेक्षा ती खूप वेगळी गोष्ट आहे. शिवाय संघाने सर्वांत जास्त गुण जिच्या सर्व्हिसवर घेतले ती हीच. सर्वांत जास्त सर्व्हिस वाया घालवणारीही हीच! जोरात सर्व्हिस करणाऱ्यांचं असंच असतं.

मी खूश झाले. वाटलं, झालं काम, आता ही हसेल. पण भाची पानाकडे बघत राहिली. मग तिने बोट ठेवलं ते भलतीकडेच. पाचव्या सेटमध्ये 8-4 आघाडी होती, बाजू बदलल्या आणि तिथून सलग पाच गुण गेले, 8-9. त्यांतला पहिला गुण आपल्या सर्व्हिसवर गेला, उरलेले चार त्यांच्या. सर्व्हिस परत मिळेपर्यंत खेळाडूंची जागा बदलत नाही, त्यामुळे चारही वेळा रचना तीच: सेटर पुढच्या रांगेत, म्हणजे पुढे स्मॅशर दोनच. आणि त्या चारपैकी तीन रिसीव्ह हिच्याकडे आलेले. एक बाहेर उडाला, एक सरळ जाळ्यापलीकडे समोरच्यांच्या हातात. चौथ्या सेटचं पान उलटून बघितलं, तर तीच रचना, तसेच चार गुण.

"म्हणजे चूक माझीच होती, मावशी," ती म्हणाली, "पण दुसरीच."

आकडे बाहेर काढले की असं होऊ शकतं, हे आधी मनात धरूनच बसावं. मुलांचं सांत्वन करायचं म्हणून हिशेब करू नका. तो तुमच्या बाजूने बोलेलच असं नाही. पण तिच्या आवाजात आठवडाभरात पहिल्यांदा जीव होता. जाळ्यात गेलेल्या एका सर्व्हिसचं काय करणार? ती परत येत नाही. डाव्या खांद्याकडे येणारा रिसीव्ह सुटतो हे मात्र उद्या सकाळी सात वाजता भिंतीसमोर उभं राहून सुधारता येतं. आणि सगळे बॉल एकीकडेच येताहेत हे दिसत असताना रचना बदलायला हवी होती, हा भाग तिचा एकटीचा नव्हताच.

त्या रात्री मी तिला आणखी एक सामना दाखवला, 2012च्या लंडन ऑलिंपिकमधली पुरुषांची अंतिम लढत. ब्राझील रशियाविरुद्ध दोन सेटनी पुढे, तिसऱ्यात सुवर्णपदकापासून एक गुण दूर, तोही दोनदा. तरीही हरले: 25-19, 25-20, 27-29, 22-25, 9-15. बेरीज केलीत तर दोन्हीकडे 108! इथेही कच खाल्ली असं म्हणून मोकळं होता येतं. पण घडलं काय होतं? रशियाचे प्रशिक्षक व्लादिमिर अलेक्नो यांनी 218 सेंटिमीटर उंचीच्या दिमित्री मुसेर्स्कीला मधल्या जागेवरून उजव्या बाजूला मुख्य स्मॅशर म्हणून आणलं आणि त्या जागेवरच्या मिखाइलोव्हला डावीकडे पाठवलं. मुसेर्स्कीने सामन्यात 31 गुण काढले. त्याला थांबवायची तयारी ब्राझीलने मध्यभागी केली होती आणि तो तिथे राहिलाच नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 2023च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेतलं घ्या. भारताने दक्षिण कोरियाला हरवलं: 25-27, 29-27, 25-22, 20-25, 17-15. मागच्याच स्पर्धेतले रौप्यविजेते कोरियन, 1966पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत पदक घेणारे. बेरीज 116-116. आपण फटाके उडवले, कोरियात धक्का बसला. पण अशा बरोबरीच्या बेरजेवरून एक संघ थोर आणि दुसरा भेकड ठरवायचा असेल तर जपून. त्याच स्पर्धेत आपण पुढे जपानकडून सरळ सेटमध्ये हरलो आणि शेवटी सहावे आलो. कोरियाला मात्र त्या वर्षी पदक मिळालंच नाही.

हेच आमच्या कालनिर्णयच्या पानालाही लागू आहे. एका सामन्यात एकेका रचनेला दहा-पंधरा रॅली मिळतात. तेवढ्यावरून कुणाला संघाबाहेर काढायचं नसतं. पुढच्या सामन्यात कुठे बघायचं तेवढं कळतं. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग पुढच्या मॅचलाही रेघा मारायला लागतील. बाबांना स्टँड घ्यायला सांग, हात हलतो त्यांचा."

जायच्या आदल्या दिवशी ती आणि गल्लीतली दोन पोरं कुठूनसा एक जुना बॉल घेऊन गच्चीत होती. ती भिंतीकडे तोंड करून डावा खांदा पुढे काढून उभी, आणि पोरं तिच्यावर सर्व्हिस मारत होती, जमेल तेवढ्या जोरात. खालचे पंडितजी दोनदा वर बघून गेले.

कालनिर्णयचं ते पान ती बॅगेत घालून घेऊन गेली. त्याच्या मागे माझा दुधाचा हिशेब होता, तो भैयाला आता तोंडी पटवावा लागला.