सात बुटके आणि एक जिना

हिमगौरीच्या सात बुटक्यांशी माझी पहिली भेट लहानपणी आजीच्या मांडीवर झाली. दुसरी भेट थेट थर्ड इयरच्या पीएलमध्ये, हॉस्टेलच्या रूमवर, रात्री दीड वाजता! माझ्या मेकॅनिकलच्या रूममेटने लॅपटॉपवर 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' टाकून दिला आणि म्हणाला, "फुकट आहे. फक्त पेपर संपल्यावर उघड." मी अर्थातच पेपरच्या आधी उघडला. आरसीसीच्या पेपरचं पुढे जे काही झालं त्याबद्दल इथे लिहिणार नाही, कारण हे मासिक आमचे सरही वाचतात.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा अमेरिकन भावांचा हा गेम २००६ साली आला. २०२२ मध्ये त्याची चित्रांनी नटलेली, विकतची आवृत्तीही निघाली, पण नुसत्या अक्षरांची आणि खुणांची जुनी आवृत्ती अजून फुकट मिळते. हॉस्टेलवाल्यांना आणखी काय हवं? न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा गेम निवडले, त्यात हाही होता. तुम्हाला मिळतात सात बुटके, एक गाडाभर सामान आणि एक डोंगर. डोंगर पोखरून किल्ला करायचा आणि तो जमेल तितकी वर्षं टिकवायचा. जिंकणं असा प्रकारच नाही. 'हरण्यातच मजा' हे या गेमचं ब्रीद. (आमच्या विंगच्या क्रिकेट टीमने ते टी-शर्टवर छापून घ्यायला हरकत नाही.)

आता किल्ला म्हटलं की आपला हात आपोआप मातीत जातो. दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असं माझं बालपणीचं एकही वर्ष नाही. विटा, दगड, वर ओलं पोतं, त्यावर चिखलाचा लेप, आणि मग पट्टीने दाबून दाबून पायऱ्या. मावळा पायरीच्या चौपट मोठा असायचा, त्यामुळे तो जिना चढणार कसा हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. पायऱ्या दिसायला छान असल्या की झालं. माझं जिन्याचं शिक्षण तिथेच थांबलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गेममधला जिना सोपा असतो. सुरुवातीला या गेमला उंची-खोली नव्हतीच, किल्ला एकाच पातळीवर पसरायचा. २००७ साली मजले आले आणि जिन्याचा प्रश्न उभा राहिला. खाली जाणारी पायरी, वर जाणारी पायरी, आणि दोन्हीकडे जाणारी. ही तिसरी पडद्यावर इंग्रजी एक्ससारखी दिसते. ती एकाखाली एक खोदत गेलं की विहिरीसारखा सरळ जिना तयार. सगळ्यात जवळची वाट! वर शेती, खाली धान्याचं कोठार, त्याखाली जेवणाची जागा, त्याखाली झोपायच्या खोल्या, तळाशी खाणी. मी असा एक चौकोनाचा जिना वीसेक मजले उतरवला आणि स्वतःवर खूष झालो.

पहिली अडचण गर्दीची. एका चौकोनात एकच जण उभा राहू शकतो. दुसरा आला तर कुणातरी एकाला आडवं होऊन सरपटत जावं लागतं. साठ बुटके झाले तेव्हा माझा जिना म्हणजे मेसमध्ये रविवारी फीस्टची लाईन! मग तो तीन बाय तीन केला. वाहतूक सुरळीत झाली. रूममेट मागून बघत म्हणाला, "मस्त. आता वाईट गोष्टींनापण यायला रुंद रस्ता झाला." मला वाटलं, हा जळतोय.

पण खरंच, खाली मी तोवर खाणीचा शेवटचा टप्पा एका नैसर्गिक गुहेत उघडला होता. या गुहांमधून कधीतरी एखादं प्राचीन, विसरलेलं श्वापद वर येतं. माझ्याकडे आलं ते पेपरच्या आदल्या रात्री. त्याला शोधाशोध करावीच लागली नाही. मी तळापासून धान्याच्या कोठारापर्यंत त्याच्यासाठी सरळ जिना करून ठेवला होता. मध्ये दार नाही, झडप नाही, वळण नाही. बुटके पळत होते तेही त्याच जिन्याने. साठातले अकरा उरले. मेलेल्यांना पुरलं नाही किंवा त्यांच्या नावाची शिळा उभारली नाही तर त्यांची भुतं किल्ल्यात फिरतात, म्हणून त्या अकरा जणांनी पुढचं वर्षभर बहुतेक शवपेट्याच केल्या.

त्या रात्री एवढं कळलं की जिना नुसते दोन मजले जोडत नाही. पाणी, शत्रू, घबराट, सगळ्यांची वाट तीच. मग मी शहाणा झालो. नवा जिना चार मजले उतरायचा आणि थांबायचा. तिथून एक लांब बोळ, बोळात खंदक, त्यावर तरफेने उचलता येणारा पूल, आणि मग दुसऱ्या टोकाला पुढचा जिना. पूल उचलला की तोच भिंत होतो. सर्वांत खालच्या जिन्याच्या तोंडावर झडप. बुटक्यांना रोजची पायपीट वाढली, पण मरण्यापेक्षा चालणं बरं.

आणि सुंदरही केला बरं का! खोदलेल्या पायऱ्यांवर नक्षी काढता येत नाही, म्हणून दर्शनी जिना संगमरवराच्या ठोकळ्यांचा बांधून काढला. बाजूच्या भिंती घासून घेतल्या आणि कारागीर लावले. विषय त्यांच्यावरच सोडला. सोडला की ते बऱ्याचदा आपल्याच किल्ल्याचा इतिहास कोरतात. वाचून बघितलं तर भिंतीवर तेच श्वापद, आणि त्याच्यासमोर कोसळणारे माझे बुटके. जिथे मेले त्याच वाटेवर! मी ती नक्षी तशीच ठेवली.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा हा किल्ला आजीला दाखवला. आमचं घर कराडजवळच्या एका गावात. आजीने चष्मा नीट केला, सगळं ऐकून घेतलं, श्वापदाला दोन शिव्या दिल्या आणि विचारलं, "कठडा कुठाय रे?"

मी म्हटलं, "आज्जी, गेममध्ये कठडा लागत नाही. सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या. कुणी ठेचकाळत नाही."

ती म्हणाली, "सारख्या व्हय," आणि उठून आत गेली.

आता ही गोष्ट सांगायला हवी. आमच्या घराचा गच्चीवर जाणारा जिना मी काढलेला आहे. सेकंड इयरला होतो, बिल्डिंग ड्रॉइंग नुकतंच शिकलो होतो, वडिलांना भारी कौतुक. मी ऐटीत अठरा टप्पे पाडले, रहिवासी इमारतीत पायरीची उंची १९ सेंटिमीटरच्या आत हवी हा कोडचा नियमही तोंडपाठ होता. कठडा मात्र 'नंतर बघू, लूक जातो' म्हणून मीच मागे ठेवला. आणि मापं घेतली ती स्लॅबपासून स्लॅबपर्यंत. वर गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा चढणार, हे डोक्यातच आलं नाही. जिना झाल्यावर कोबा पडला. खालच्या सतरा पायऱ्या १७ सेंटिमीटरच्या आणि शेवटची २४!

पाय मोजत नाही, पण लक्षात ठेवतो. सतरा वेळा तेवढाच उचलला की अठराव्यांदाही तो तेवढाच उचलतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आजी पापडांचं ताट घेऊन वर जाताना शेवटच्या पायरीला अडखळली. धरायला कठडा नव्हता. मनगट मोडलं. घरात सगळे म्हणाले, वय झालं, तोल गेला. आजीपण तेच म्हणाली. मीसुद्धा तेच म्हणालो. त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही, पापड अंगणात वाळायला लागले आणि कोंबड्यांशी नवीन वैर सुरू झालं.

'सारख्या व्हय' ऐकल्यावर मी टेप घेऊन जिन्यावर गेलो. आकडे बघून तिथेच बसलो. एकोणपन्नास बुटके गेले तर दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आलो होतो. हे तसं नव्हतं.

मला त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर आठवला. फर्स्ट इयरला ट्रेकला गेलो होतो. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या शत्रूला धडकी भरवायला पुरेशा आहेत. पण प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हात अडकवायला खोबण्या आहेत. इतका अवघड जिना खोदणाऱ्यालाही चढणाऱ्याचे हात आठवले होते, आणि मला आजीचे आठवले नाहीत.

वडिलांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग गवंड्याला फोन लावला. शेवटची पायरी फोडायची असं त्याचं म्हणणं. मी वहीत मांडून दाखवलं. एकूण चढ ३१३ सेंटिमीटर, भागिले अठरा, म्हणजे प्रत्येक टप्पा १७.४. सगळ्या फरशा उचलायच्या आणि खालचा मसाला पायरीगणिक चार मिलिमीटरने वाढवत न्यायचा. गवंडी म्हणाला, "एका पायरीसाठी सतरा पायऱ्या उचकटायच्या?" पण केलं त्याने. मी रोज टेप घेऊन त्याच्या मागे. पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा बसला, आजीच्या मुठीत मावेल एवढ्या जाडीच्या पाइपचा. लूक खरंच थोडा गेला.

या एप्रिलमध्ये सबमिशनच्या आधी दोन दिवस घरी गेलो होतो. खाली व्हरांड्यात जर्नल पुरं करत बसलो होतो. आजी एक हात कठड्यावर ठेवून वर निघाली. मी बघत नाहीये असं दाखवत मनातल्या मनात पायऱ्या मोजत होतो. पंधरा, सोळा, सतरा...

वरून हाक आली, "अरे, पापडाची चादर खालीच राहिली. आण की वर!"