सेनेपाच्या खोऱ्यातले चार हमीदार

सीमातंट्यांचा अभ्यास करताना मी इक्वेडोर-पेरू तहाकडे पुन्हा पुन्हा वळतो. आदल्या वर्षीच्या युद्धात हरलेल्या इक्वेडोरने २९ जानेवारी १९४२ रोजी रिओ दि जानेरोमध्ये त्यावर नाइलाजानेच सही केली. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना आणि चिली हमीदार राहिले. या तहाचे पाचवे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते: सीमा जमिनीवर पुरती आखली जाईपर्यंत या चौघांची जबाबदारी सुटणार नव्हती.

आखणी अडली ती कोंडोर पर्वतात. सामोरा आणि सांतियागो नद्यांमधला जलविभाजक म्हणजे सीमा, असे तहात लिहिले होते. पुढे अमेरिकी विमानांनी त्या जंगलाची छायाचित्रे घेतली, तेव्हा या दोन नद्यांच्या मधून वाहणारी सेनेपा समजुतीपेक्षा कितीतरी लांब निघाली. म्हणजे तहातला तो एकच जलविभाजक तिथे नव्हताच! इक्वेडोरने आखणी थांबवली, ७८ किलोमीटर रेषा तशीच राहिली आणि १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष वेलास्को इबारा यांनी तहच रद्दबातल ठरवला. १९८१ मध्ये चकमक झाली, १९९५ च्या जानेवारीत युद्ध.

युद्ध पेटताच इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष दुरान बायेन यांनी तह पुन्हा मानला. राजकीयदृष्ट्या हे अतिशय धाडसाचे होते, आणि त्यामुळेच हमीदारांना मध्ये पडता आले. १७ फेब्रुवारीला ब्राझीलमध्ये शस्त्रसंधीचा मसुदा ठरला. चारही देशांचे लष्करी निरीक्षक ब्राझीलच्या जनरलच्या हाताखाली खोऱ्यात उतरले. त्यांचा खर्च भांडणाऱ्या दोघांनीच उचलायचा होता. ही अट मला फार शहाणपणाची वाटते; फुकटचे निरीक्षक असते, तर वाटाघाटी रेंगाळत ठेवणे दोघांनाही परवडले असते.

तरीही तीन वर्षे गेली. अमेरिकेचे दूत लुइजी एइनाउदी आणि त्यांचे सहकारी दोन्ही बाजूंना बोलते ठेवत राहिले. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये फुजिमोरी आणि माहुआद या राष्ट्राध्यक्षांनी रेषेचा निर्णय हमीदारांवर सोपवला. हमीदारांनी अट घातली, की आधी दोन्ही संसदांनी हा निर्णय बंधनकारक मानावा. १६ ऑक्टोबरला दोन्ही संसदांनी, न पाहिलेल्या रेषेला, मान्यता दिली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी कामगिरी हीच. अप्रिय निर्णयाचा भार हमीदारांनी आपल्या शिरावर घेतला, आणि मागाहून फिरायला कोणालाच वाट ठेवली नाही. चौघे शेवटपर्यंत एका सुरात बोलले, म्हणूनच हे जमले. त्यांच्यातला एखादा जरी फुटला असता, तरी प्रत्येक पक्षाने आपापला कैवारी शोधला असता.

रेषा बहुतांशी पेरूच्या म्हणण्याप्रमाणे कोंडोरच्या माथ्यावरून गेली. ज्या तिविंझासाठी इक्वेडोरचे सैनिक लढले, तिथली एक चौरस किलोमीटर जमीन इक्वेडोरला मिळाली, पण खासगी मालकीची म्हणून, सार्वभौमत्व पेरूचेच. शिवाय ॲमेझॉनमध्ये नौकानयनाचे हक्क मिळाले. दोन्ही देशांत लोक चिडले. पेरूतल्या इकितोस शहरात दंगली झाल्या. तरी २६ ऑक्टोबरला ब्राझीलियात सह्या झाल्या आणि त्या टिकल्या.

एक उणीव मात्र मला सलते. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शुआर, आवाहून आणि वांपिस लोकांना या टेबलावर जागा नव्हती, आणि सुरुंग पेरले गेले ते त्यांच्याच वाटांवर. शेवटचा सीमास्तंभ १३ मे १९९९ रोजी उभा राहिला; भूसुरुंग काढण्याचे काम त्यानंतर वर्षानुवर्षे चालले.