वासाची राखण

मुगाचा दाणा भिंगाखाली धरला. सालीवर खसखशीहून लहान, पांढरा, घट्ट चिकटलेला ठिपका. हे भुंगेऱ्याचे अंडे, आणि पांढरे दिसते म्हणजे उशीर झालेला आहे. अळी बाहेर येतच नाही. अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि पोखरलेला भुसा मागे रिकाम्या टरफलात भरते. त्याचा तो पांढरा रंग. न फुटलेले अंडे पारदर्शक असते.

•

गहू-तांदळातला सोंडा आणखी पक्का. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि स्वतःच्या स्रावाने भोक बुजवते. वर फिरणारे किडे तेलाच्या वासाने मरतात, पण पुढची पिढी आत बंदोबस्तात असते. महिनाभराने तीच बाहेर पडते आणि मग आपण म्हणतो, औषध निकामी निघाले.

•

एरंडेल चोळलेली तूर आणि निलगिरी तेलाचा बोळा ठेवलेला डबा, दोन्हीकडे तेलच. काम मात्र वेगळे. एरंडेल उडत नाही. दाण्यावर त्याचा पातळ थर बसतो, अंडे नीट चिकटत नाही, चिकटले तरी गुदमरते. निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा यांची तेले उडणारी. त्यांची सगळी मदार वाफेवर. निंबोळी तेल एरंडेलाच्या गटातले. त्यातले अझाडिरॅक्टिन किड्याच्या अंगाला लागावे किंवा पोटात जावे लागते. तळाशी कडुनिंबाचा पाला घालून वरच्या थराची राखण होईल, ही अपेक्षा जरा जास्तच.

•

निलगिरीच्या वाफेतला सिनिओल किंवा लवंगेच्या वाफेतला युजेनॉल किड्याच्या श्वासरंध्रांतून आत जातो आणि मज्जासंस्था बिघडवतो. त्याचा एक मारा ऑक्टोपामिनच्या यंत्रणेवर होतो, असे अभ्यास सांगतात. आपल्याला ॲड्रेनलिन जसे लागते, तसे कीटकांना ऑक्टोपामिन. माणसाच्या शरीरात त्याला फारसे काम नाही, म्हणून ही तेले आपल्याला तुलनेने सौम्य.

•

तुलनेने, एवढेच. वेखंड आपल्या घरोघरी. त्याच्या तेलातला बीटा-ॲसरोन किडींवर जबर चालतो. पण उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या आणि अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड व त्याचे तेल खाद्यपदार्थांतून बाद केले. वनस्पतीचे आहे म्हणून डोळे झाकून खायच्या धान्याला चोळू नये.

•

या तेलांकडे संशोधक वळले त्यामागे नड आहे. गोदामांत पूर्वी सर्रास चालणारे धुरीचे मिथिल ब्रोमाइड ओझोनचा थर विरळ करते. मॉन्ट्रियल करारानुसार, काही सवलती सोडता, श्रीमंत देशांनी ते 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांनी 2015 पर्यंत थांबवायचे होते. उरला फॉस्फिन. त्याला अनेक किडी दाद देईनाशा झाल्या आहेत, आणि माणसाला तो जीवघेणा. त्याच्या गोळ्या राहत्या घरात नकोतच.

•

तेलांच्या बरणीतल्या प्रयोगांचे निकाल वाचताना एक विचारावे: बरणी रिकामी होती की भरलेली? रिकाम्या बरणीत चार थेंबांत किडे मरतात. धान्य भरले की दाणेच वाफ पिऊन टाकतात आणि मात्रा कित्येक पट वाढवावी लागते. तेवढी वाढवली तर खिरीला निलगिरीचा वास!

•

सिनिओल 176 अंशांच्या आसपास उकळतो, युजेनॉल 250च्या वर. म्हणून निलगिरी लगेच पसरते आणि लगेच संपते, लवंग सावकाश. रव्यातल्या चार अख्ख्या लवंगा मात्र इतकी थोडी वाफ सोडतात, की त्यांच्या भरवशावर वर्षाची बेगमी सोडू नये.

•

वाफ टिकवायची तर झाकण घट्ट हवे. पण झाकण खरोखर घट्ट असले, तर किडेच आतला प्राणवायू संपवतात आणि थंडावतात. पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मरडॉक यांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन थरांच्या पिशव्या आणल्या, त्या याच तत्त्वावर. औषध शून्य.

•

मग तेल कुठे वापरावे? रोज उघडल्या जाणाऱ्या डब्यात ते वाया जाते. पेरणीच्या बियाण्याला चालेल, मात्र आधी थोड्या बियांची उगवण तपासून. आणि धान्य भरण्यापूर्वी रिकाम्या कणगीच्या फटींत, गेल्या वर्षीचे किडे दडलेले असतात तिथे. खायच्या धान्याला कडक ऊन, आणि तुरीची लवकर डाळ केलेली बरी: भुंगेऱ्याला अख्खा दाणा लागतो.