खालून उघडा

नोकरीतल्या पहिल्या वर्षी मी पंप आणि मोटर एकत्र बसवायचा बिडाचा बेड काढला होता. आतून पोकळ, खाली तळ, बाजूला दोन लहान खिडक्या. कागदावर तो भक्कम दिसायचा आणि मला त्याचा अभिमान होता. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग पसरलं, तेव्हा मोल्डिंगवरचे वयस्कर मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, ह्यो तळ कशाला? बेड फाउंडेशनवरच बसायचा न्हवं?"

मला उत्तर देता आलं नाही. बंद पेटी मजबूत असते एवढंच डोक्यात होतं.

त्या तळापायी काय काय करावं लागेल, ते त्यांनी मला शॉपमध्ये फिरवून दाखवलं. आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोर करायचा, म्हणजे कोरबॉक्समध्ये सिलिकेट मिसळलेली वाळू ठासायची, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून ती कडक करायची, कोर साच्यात अलगद ठेवायचा, रस ओतताना तो वर उचलला जाऊ नये म्हणून चॅपलेट लावायचे. आणि कास्टिंग थंड झालं की ती सगळी वाळू खिडकीतून खरवडून काढायची. फेटलिंगला एक पोरगा तसल्याच कुठल्या तरी कास्टिंगच्या पोटात सळई घालून बसला होता. हात कोपरापर्यंत आत, तोंडाला रुमाल, भुवयांवर धूळ. ही सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. तळाची रेघ ओढताना हा हात माझ्या डोळ्यांपुढे नव्हता.

तळ काढल्यावर बेड उपड्या घमेल्यासारखा झाला. आता वाळूत साचा उठवणारा पॅटर्न सरळ उचलता येतो, पोकळीतली वाळू साच्यातच उभी राहते, कोर लागत नाही. फक्त भिंतींना एक-दोन अंशांचा उतार हवा, नाहीतर पॅटर्न निघताना वाळूच्या कडा ढासळतात. ताठपणासाठी आतून दोन रिब दिल्या. जाडी शक्यतो सगळीकडे सारखी ठेवली, कारण जाड जागेतला रस सर्वांत शेवटी थिजतो आणि तिथेच आत पोकळी धरते.

मशीनशॉपने आणखी एक गोष्ट सुचवली: पंप आणि मोटर ज्यांवर बसतात ते पॅड एकाच पातळीत ठेवा. मग एका सेटिंगमध्ये सगळे मारता येतात. शाफ्टच्या उंचीतला फरक मोटरखाली पट्टी देऊन भरायचा. माझ्या ड्रॉइंगवर तर रंग लावायच्या भिंतींनाही ±0.1 मिमी लिहिलेलं होतं. वाळूतल्या कास्टिंगकडून ते माप मागणं म्हणजे चारी बाजूंनी मशीनिंग मागणं. पॅडच्या सपाटीवर मात्र मी आजही अडून बसतो. तिथे चुकलं की अलाइनमेंट जातं, पाठोपाठ कपलिंग आणि बेअरिंग. भिंत मिलिमीटरभर सरकली तर पाणी उपसणाऱ्याचं काही अडत नाही.

खर्च कमी करा म्हटलं की मीटिंगमध्ये पहिली सूचना येते, जाडी उतरवा, हलका माल लावा. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्या कामाचा गिऱ्हाइकाला उपयोग नाही, ते काम ड्रॉइंगमधून काढायचं, आणि ते कुठलं हे मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

पहिला नवा बेड निघाला त्या दिवशी मी मुद्दाम फाउंड्रीत थांबलो होतो. मामांनी तो साखळीवर उचलून धरायला लावला आणि हातोडीचे दोन ठोके दिले. पोटातली सगळी वाळू एका दमात खाली आली.